छताकडे बघणाऱ्या बाई

कुणाच्या घरात पाऊल टाकलं की माणूस आधी घरच्यांकडे बघतो, निदान बघितल्यासारखं करतो. बाई आधी छताकडे बघायच्या. चपला काढतानाच मान वर. मग भिंती, मग कोपरे, आणि सगळ्यात शेवटी आपण. आपल्यापर्यंत नजर पोचली की पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुमच्याकडे एकशेदहा की दोनशेवीस?" पूर्वी लोक कुळ-गोत्र विचारायचे तसं त्या हे विचारत. सौदीतल्या आमच्या रास तनुरात जुन्या इमारतींत विजेचे दोन्ही दाब होते. एका खोलीत एक आणि शेजारच्या खोलीत दुसरा, असंही असायचं. नवीन आलेलं कुटुंब पहिल्या महिन्यात हमखास एक मिक्सर जाळून बसायचं, आणि मग कुणीतरी त्यांना बाईंचा नंबर द्यायचं.

त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. रिफायनरीच्या कुंपणाबाहेर भाड्याच्या घरांत राहणाऱ्या आम्हा सगळ्या मराठी कुटुंबांत त्या नुसत्या 'बाई'. त्यांचे यजमान टर्मिनलवर सेफ्टीत होते. त्यांना सगळे 'साहेब' म्हणायचे आणि ते म्हणायचे, "मी कसला साहेब, मी शिडी धरणारा." हे त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका हळदीकुंकवाला. आम्ही दहा-बाराजणी नटूनथटून, एकमेकींच्या साड्यांचे भाव विचारत बसलेल्या. बाई आल्या, छताकडे पाहिलं, आणि यजमानीणबाईंना सगळ्यांदेखत विचारलं, "तुझो घोव चिडचिडो आसा काय गो?"

ती बिचारी लालेलाल. मग बाईंनी वर बोट केलं. "चोक ऐकलास? गुणगुणतोय तो. दमून आलेल्या माणसाच्या डोक्यावर रात्रभर डास सोडल्यासारखं आहे हे. मीसुद्धा चिडले असते."

आम्हाला कुणाला काही ऐकू येत नव्हतं. बाईंनी पदर खोचला, बाहेर जाऊन मेन स्विच पाडला, खुर्चीवर चढल्या आणि ट्यूबची पट्टी उघडली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात आम्ही हळदीकुंकू देत-घेत होतो आणि बाई वर काहीतरी तोडत-जोडत होत्या. खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात तो जुना, जड, काळवंडलेला चोक होता. जुन्याच पट्टीत, घरात आणून ठेवलेली एलईडीची ट्यूब बसली होती. वीज आली आणि खोली शांत झाली. म्हणजे इतका वेळ काहीतरी वाजत होतं हे आम्हाला ते थांबल्यावर कळलं. मी त्या दिवशी वाणाची वाटी घेऊन घरी आले ती अक्षरशः भारावून. नवऱ्याला म्हटलं, "आज मी एक बाई पाहिली." तो म्हणाला, "हळदीकुंकवाला गेली होतीस ना, मग काय पाहणार?" त्याला काय कळणार!

आता थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाईंचं वेगळेपण कळायचं नाही. आम्ही इथे राहणारे लोक म्हणजे 'पुढच्या वर्षी' नावाच्या गावचे रहिवासी. पुढच्या वर्षी परत जायचंच आहे, मग पडदे कशाला? पुढच्या वर्षी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवून मिळेल की नाही कुणास ठाऊक, मग भिंतीला खिळा कशाला? अशा पुढच्या वर्षांत मुलं दहावी होतात, केस पांढरे होतात, आणि डोक्यावर अजूनही आधीच्या इजिप्शियन भाडेकरूने सोडलेलं सोनेरी झुंबर लोंबकळत असतं, ज्याचे मेणबत्तीसारखे निम्मे दिवे मेलेले. पुण्याच्या फ्लॅटसाठी आम्ही इटालियन दिवे निवडतो आणि तो फ्लॅट बंद असतो. जिथे रोज जेवतो तिथे मात्र किडे साचलेल्या पिवळ्या झाकणाच्या दिव्याखाली.

बाईंना हे सहन व्हायचं नाही. "घर भाड्याचं असेल," त्या म्हणायच्या, "संध्याकाळ भाड्याची नसते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. नंतर एकदा स्वयंपाकघरात स्वतःच्याच सावलीत भाजी चिरताना ते वाक्य आठवलं आणि मला हसू आलं नाही.

त्यांचे वडील देवगडकडे गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. लग्नाला, जत्रेला, रात्रीच्या खेळाला. बत्ती कुठे टांगायची हे ठरवायला ते मांडवात आधी जाऊन बसायचे. नवरीच्या पाटावर बसायचे, आचाऱ्याच्या चुलीपाशी बसायचे, म्हाताऱ्यांच्या सतरंजीवर बसायचे. लोक हसायचे, ते बसायचे. बाईंनी हे जसंच्या तसं उचललं होतं. तुमच्या घरचा दिवा बदलायचा तर आधी त्या तुमच्या घरात बसायला यायच्या. घरातला प्रत्येकजण रोज जिथे बसतो तिथे, रोजच्या वेळेला. आणि त्या माणसाला शेजारी बसून आपलं रोजचं काम करावं लागायचं. मग ते तांदूळ निवडणं असो की दाढी. एका सीनियर इंजिनिअरने बाईंच्या देखरेखीखाली, गळ्याला टॉवेल लावून, पाहुण्यांसमोर दाढी केलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. तो गृहस्थ दोनशे माणसांवर ओरडणारा. बाईंपुढे "मान जरा वर करू का?" असं विचारत होता.

त्यांच्या पदराला कायम एक सुई टोचलेली असायची आणि तिच्या जोडीला काळा दोरा. बसल्या जागी त्या दोरा ओवून बघायच्या. पहिल्या झटक्यात गेला तर "इथे हात लावायचा नाही, उजेड आहे तो पुरे." नाही गेला तर जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायच्या, त्यात त्या घरच्या कर्त्या पुरुषाबद्दलचं मत असायचं. फोनवर उजेड मोजता येतो असं एकाने सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मोज की. तुझ्या फोनला काय निवडायचे आहेत तांदूळ?"

खर्च त्या करू द्यायच्याच नाहीत. अर्ध्या घरांत तर नवीन काही लागायचंच नाही. वरचं पिवळं झाकण उतरवून साबणाने धुतलं, समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेले होल्डर पॉलिश पेपरने घासले, एक दिवा भिंतीवरून टेबलापाशी खाली आणला, की झालं. शेड म्हणून त्या खजुराच्या पातीच्या टोपल्या वापरत. कतीफच्या बाजारात भाजीवाल्यांकडे मिळणाऱ्या, साध्या, विणलेल्या. उलटी टांगली की भिंतीवर जाळी पडायची. स्वतःसाठी त्या काही घेत नसत. तुमच्या घरून उतरवलेला जुना दिवा तेवढा घेऊन जायच्या.

आणि हे जुने दिवे गोळा करण्याची त्यांची रीत ऐकली तर तुम्ही हात जोडाल. कुणी फायनल एक्झिटवर कायमचं परत निघालं की आमच्याकडे निरोपाचं जेवण असतं. सगळ्यांनी रडायचं, फोटो काढायचे, 'येत जा' म्हणायचं, हे ठरलेलं. त्या रडारडीत बाई ताट हातात धरून छताकडे बघत उभ्या असायच्या. मग निघणाऱ्या वहिनींच्या पाठीवर हात ठेवून विचारायच्या, "पलंगाजवळचा दिवा नेणार आहेस की ठेवणार?" पहिल्या वेळी मला ते फार क्रूर वाटलं होतं. पण तो दिवा पुढच्या महिन्यात नव्याने आलेल्या, घाबरलेल्या एखाद्या मुलीच्या स्वयंपाकघरात लागायचा, आणि बाई तिला सांगायच्या, "ह्या उजेडात एकीने तीन पोरं वाढवली. तुझंही होईल." त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

दम्मामच्या दिव्यांच्या दुकानात एकदा त्यांच्याबरोबर जायचा योग आला. योग म्हणते, कारण गाडी बाई चालवत होत्या. बायकांना इथे गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा बाई साठीला आल्या होत्या. तरी शिकल्या, परवाना काढला, आणि स्टिअरिंगला नाक लावून गाडी हाकू लागल्या. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. बाई म्हणाल्या, "दे रे बाबा दे, तुझं पेट्रोल जातंय."

दुकानदार येमेनी. बाईंना बघून त्याने कपाळाला हात लावला आणि लगेच चहा मागवला, दोन्ही एकदम. बाईंनी पिशवीतून आपला स्वतःचा होल्डर आणि वायर काढली. एकेक बल्ब लावायचा, त्याखाली आपला तळहात धरायचा आणि बघायचं. "हा नको. ह्याच्यात माझा हात मेलेल्या माणसाचा दिसतो." दुसरा. "हा पण नको. ह्यात मला कावीळ झालीय."

"मदाम, खलास," दुकानदार म्हणाला. "सब एक जैसा है."

"खलास कैसा? अंदर दूसरा खोका है, वो निकालो. यल्ला."

त्याने काढला. बाईंनी तळहात धरला. मग त्याला म्हणाल्या, "तुम्हारा हाथ दो." त्याने धरला. दोन हात शेजारी शेजारी, एक देवगडचा आणि एक येमेनचा, त्या बल्बखाली अगदी जिवंत, उबदार दिसत होते. दुकानदार आपल्याच हाताकडे बघत राहिला. नंतर त्याने सांगितलं की वीस वर्षं हा धंदा करतोय, पण हे कधी करून बघितलं नव्हतं. बाईंनी तेवढ्यात भाव पाडून घेतला हे मी सांगायला नकोच.

हे सगळं मी इतकं रंगवून सांगतेय, कारण मला ते सांगायला आवडतं. पण बाईंपुढे माझी मान जी कायमची झुकली ती या कशामुळे नाही. ती आमच्या आईंमुळे.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या नाशिकला थोरल्या दिरांकडे होत्या. तिथे दोघंही नोकरीला, आणि आईंना दिवसेंदिवस विसर पडायला लागलेला. म्हणून नवऱ्याने व्हिजिट व्हिसा काढला आणि त्यांना इकडे आणलं. विसराचं आम्ही समजून होतो. भाजीत मीठ दोनदा पडायचं, माझ्या लेकीला त्या आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. लेक 'ओ' द्यायची. तेवढं सगळं चालून जात होतं. चालत नव्हती ती संध्याकाळ.

हॉलच्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. दुपारपासून त्या तिथे बसून रस्त्याकडे बघायच्या, मुलाची गाडी केव्हा येते म्हणून. मग दिवस मावळताना मगरिबची अजान व्हायची, मी देवापाशी निरांजन लावायची, ट्यूब लावायची, आणि आई ओरडायला लागायच्या.

"कोण आहे ती? तिला आत कुणी घेतलं? बघ, बघ कशी बघतेय माझ्याकडे!"

मी धावत जाऊन बघायची. रस्ता मोकळा. घरात आम्हीच. "आई, कुणी नाहीये हो," म्हटलं की त्या जास्तच चवताळायच्या. एकदा पाण्याचा पेला फेकला. एकदा ताट. माझा नवरा प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहिला तरी त्या म्हणायच्या, "माझा मुलगा अजून आला नाही, आणि ही बया घरात शिरली." रात्रीचं जेवण तर बंदच झालं होतं. त्या म्हणायच्या, ती बघत असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

लेक अकरा वर्षांची. ती आजीच्याच खोलीत झोपायची. एक दिवस उशी घेऊन आमच्याकडे आली. "मम्मा, आज्जी इज सीइंग समवन. आय कान्ट स्लीप देअर."

खालच्या हैदराबादी वहिनींना वाटलं, आई अजानच्या आवाजाला दचकत असतील. बिचाऱ्या फार प्रेमाने म्हणाल्या, "खिड़की बंद रखो ना बहन, नई जगह है उनके लिए." आम्ही खिडकी घट्ट लावून घेतली. ओरडणं वाढलं. डॉक्टरांनी 'भास' म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आई दिवसभर पेंगायच्या आणि संध्याकाळी नेमक्या जाग्या व्हायच्या.

मग दिरांचा नाशिकहून फोन आला. विसर पडणाऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था तिथे होती. चांगली होती म्हणे. एक जागा रिकामी झाली होती, हवी की नको ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवायचं होतं. "तुम्ही पण किती दिवस ओढणार?" दीर म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. नवरा फोन ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "संध्याकाळचं तेवढं नसतं तर मी तिला कुठ्ठे पाठवली नसती." शाळेपासून पहिल्या नोकरीपर्यंत रोज संध्याकाळी जिने याची वाट बघितली, तिला आता अनोळखी माणसांत ठेवायचं. त्याच्याने हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

हॉलची ट्यूब त्याच सुमारास फडफडायला लागली होती. मी बाईंना फोन केला तो तेवढ्यासाठीच. घरातलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सकाळी या हं. संध्याकाळी आमच्याकडे बसण्यासारखं नसतं."

"मग संध्याकाळीच येते," बाई म्हणाल्या. "सकाळी कोण दिवा लावतं?"

आल्या. मागे शिडी घेऊन साहेब. बाईंनी डोक्याला चौकड्यांचं फडकं बांधलं होतं, काम असलं की बांधायच्या तसं. मला कोथिंबीर निवडायला बसवलं, लेकीला गृहपाठाला. नवऱ्याला पेपर घेऊन त्याच्या जागेवर बसायला सांगितलं, तो बसला. सगळीकडे सुई-दोरा झाला. मग त्या आईंपाशी गेल्या.

"काकी, जरा तुमची जागा द्या बघू मला."

आई त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नसत. पण बाईंच्या आवाजात काहीतरी असायचं. आई उठल्या आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. दोघी शेजारी शेजारी रस्त्याकडे बघत बसून राहिल्या. अजान झाली. मी बाईंकडे पाहिलं. "रोजच्यासारखं कर," त्या म्हणाल्या.

मी ट्यूब लावली. ती फडफडली आणि लागली. आईंचा हात वर गेला.

"आली! आली बघ ती!" आणि मग जरा थांबून, घाबरून, "आज दोघी आहेत."

मी नेहमीचं वाक्य म्हणणार होते. बाईंनी हाताने मला थांबवलं. "खंय? कुठे आहेत, काकी?"

"ती काय, बाहेर बसलीये. आणि आज दुसरीला घेऊन आलीये. डोक्याला फडकं बांधलेली."

बाई हलल्या नाहीत. मग त्यांनी सावकाश आपला उजवा हात वर केला.

"आता हात वर केला तिने," आई म्हणाल्या.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ट्यूब बंद कर गो." मी केली. "गेल्या," आई म्हणाल्या. लावली. "आल्या."

मी जाऊन आईंच्या मागे वाकले आणि त्यांच्या डोळ्यांच्या रेषेतून बघितलं. काचेत एक पांढऱ्या केसांची, भुंड्या कपाळाची म्हातारी बसली होती आणि आमच्याकडे टक लावून बघत होती.

इथल्या बहुतेक खिडक्यांना आरशासारखी चकचकीत फिल्म लावलेली असते. ऊन अडतं आणि दिवसा बाहेरून आतलं काही दिसत नाही. बायका घरात मोकळेपणी वावरतात. अंधार पडून आत दिवा लागला की मात्र ती काच उलटते. बाहेरचं काही दिसत नाही, आतलंच सगळं दिसतं. आमची ती फिल्म नवऱ्याने एका सुट्टीच्या दिवशी स्वतः लावली होती. एक बुडबुडा येऊ दिला नव्हता, त्याचं त्याला कौतुक होतं. आता तो पेपर हातात धरून खुर्चीवरून उठला आणि तिथेच खाली जमिनीवर बसला. "ती स्वतःलाच बघतेय," तो म्हणाला. आईंच्या मनात त्या स्वतः अजूनही काळ्या केसांच्या, कुंकवाच्या होत्या. ही विधवा म्हातारी त्यांच्या ओळखीची नव्हतीच.

लगेच उठून त्याने पडदा ओढला. आईंनी किंचाळून तो परत उघडला. "माझा मुलगा यायचाय! दिसायचा कसा मला?"

"पडदा नको," बाई म्हणाल्या. "त्यांना रस्ता हवाय. त्यांना रस्ताच दाखवायचा."

त्या गेल्या त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. नवऱ्याने तोवर साबणाचं पाणी आणि ब्लेड घेऊन फिल्म खरवडून काढली होती. बाईंनी समजावलं की नुसती काचही रात्री थोडी आरसा होतेच. आत उजेड जास्त आणि बाहेर कमी असला की होते. तेव्हा बाहेर वाढवायचा आणि आत खाली उतरवायचा. हॉलची ती जुनी ट्यूब पट्टीसकट काढली. बाल्कनीच्या बाहेरच्या अंगाला एक दिवा असा लावला की त्याचा उजेड अंगणाच्या पांढऱ्या भिंतीवर आणि फाटकावर पडेल. हे छिद्र कसलं पाडताय म्हणून घरमालक तावातावाने वर आला आणि जाताना आपल्या मजलिसचं, म्हणजे बैठकीच्या खोलीचं, झुंबर बघायला कधी येता ते बाईंना विचारून गेला. आत आईंच्या खुर्चीमागे, टोपलीखाली एक लहानसा दिवा आला. उजेड मांडीवर पडेल, चेहऱ्यावर नाही असा.

हे लिहायला सोपं आहे. बाई त्या खुर्चीवर किती वेळा बसल्या आणि उठल्या ते मी बघितलंय. बसायच्या, काचेत बघायच्या, स्वतःचं नाक जरी दिसलं तरी उठायच्या. टोपली बोटभर मागे. पुन्हा बसायच्या. गुडघे दुखत होते त्यांचे, उठताना खुर्चीचा हात धरत होत्या. साहेब शिडी धरून उभे होते. सख्ख्या आईसाठीही माणूस इतकं करणार नाही असं माझ्या मनात आलं, आणि मला रडू आलं ते मी स्वयंपाकघरात जाऊन आवरलं.

शुक्रवार उजाडला. सुट्टीचा दिवस, नवरा घरीच होता. चारच्या सुमारास बाईंनी त्याला बाहेर काढलं. "गाडी घेऊन जा कुठेतरी. रोजच्या वेळेला परत ये."

तो गेला. आई खुर्चीवर, बाई त्यांच्याजवळ स्टुलावर, मी मागे. लेक दाराच्या आडून बघत होती. अजान झाली. बाईंनी आधी बाहेरचा दिवा लावायला सांगितला, मग आतला. खाली फाटक, भिंत, रस्ता, सगळं स्वच्छ दिसत होतं. आई बघत होत्या. मग कोपऱ्यावरून गाडी वळली.

"आला," आई म्हणाल्या. "आला गं माझा!" आणि टाळी वाजवली.

नवरा जिन्यावरून जवळजवळ पळतच आला. दारात उभा राहिला. आईंनी त्याच्याकडे वळून बघितलं, नावाने हाक मारली, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. त्या काचेत काहीतरी शोधत होत्या. इकडून बघितलं, वाकून तिकडून बघितलं.

"ती बाई दिसत नाही आज," त्या म्हणाल्या.

त्यांनी काचेवर बोट टेकवून बघितलं.

"गेली का?"

"गेली, काकी," बाई म्हणाल्या.

"न जेवताच गेली." आईंचा चेहरा एवढासा झाला. "मी आपली रोज ओरडायचे तिच्यावर. एकटीच होती बिचारी. कुणीच नसेल तिला. एका शब्दाने विचारलं नाही मी, जेवलीस का म्हणून."

बाईंना मी कधी कुणाची समजूत घालताना पाहिलं नव्हतं. कुणाचं झुंबर भिकार असेल तर त्या भिकार म्हणायच्या. डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक शब्द बोलायच्या नाहीत. त्या बाईंनी आईंचा हात हातात घेतला आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या, "जेवून गेली. मीच वाढलं तिला."

"खरं?"

"खरं तर. पिठलं-भात. वर ताक मागून घेतलं."

"पोटभर?"

"पोटभर. राग नाही म्हणाली तुमच्यावर. सांगून गेलीय तसं."

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि अगदी लहान मुलीसारखं म्हणाल्या, "मग मला पण वाढा की."

घरात पिठलं नव्हतंच. मी आत जाऊन डाळीचं पीठ काढलं, कढई ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात नवरा पाठमोरा उभा होता, कानाला फोन.

"दादा, ती जागा दुसऱ्या कुणालातरी देऊ दे त्यांना," तो सांगत होता. पलीकडून दीर काहीतरी विचारत असावेत. "नाही, आत्ता नको. नंतर बोलतो. आई जेवायला बसतेय."